बोअर-टँकरच्या पाण्यावर संसार थाटताय? गिझर, मशीन, डिशवॉशर कसे वाचवायचे ते पायरीपायरीने

मुंबईत किंवा पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेला माणूस वाघोली, उंड्री, मोशी अशा भागात नवीन फ्लॅटमध्ये राहायला जातो तेव्हा ब्रोकर त्याला पार्किंग सांगतो, मेंटेनन्स सांगतो, क्लबहाऊस फिरवून दाखवतो, फक्त पाण्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. मग थोड्याच दिवसांत नळाच्या तोंडाशी पांढरे खडे दिसायला लागतात, काचेचे ग्लास धुऊनही धुरकट राहतात, तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी अख्खीच्या अख्खी. आईचा फोन येतो, "अगं डाळ जुनी असेल." डाळ जुनी नसते, पाणी हार्ड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात.

आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, इमारतीतल्या बऱ्याच घरांत होऊन गेलंय, आणि प्रत्येक जण तेच प्रश्न नव्याने विचारतो म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. मुळात एवढंच लक्षात घ्या की थंड हार्ड पाणी यंत्रांचं फार काही बिघडवत नाही, खरा घोळ पाणी तापलं की होतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, ते पाण्यात राहत नाही आणि जिथे सगळ्यात जास्त गरम तिथे चिकटून बसतं. म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर. त्यामुळे घरात जिथे जिथे पाणी तापतं ती यंत्रं आधी सांभाळायची, बाकीचं नंतर.

आधी हे जमवून ठेवा

- हार्डनेस मोजायचं थेंबांचं किट (ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं)
- सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मागा, अर्धा किलो तरी घ्या
- पांढरं व्हिनेगर, जुना टूथब्रश, पक्कड, रबरबँड
- वॉशिंग मशीनची डीस्केलिंग पावडर (आत बसलेला क्षार काढणारी)
- डिशवॉशर असेल तर त्याचं मीठ
- गिझर, मशीन, आरओ सगळ्यांची बिलं आणि वॉरंटी कार्डं, एका फोल्डरमध्ये
- सोसायटीकडून पाण्याचा शेवटचा लॅब रिपोर्ट (नाही म्हणाले तर मेलवर मागा, म्हणजे रेकॉर्ड राहतं)

१. पाणी नेमकं कुठून येतं ते वॉचमनला विचारा

कमिटीला नंतर विचारा, आधी वॉचमनला, कारण पंप तोच चालू करतो. पालिकेचं किती वेळ येतं, बोअर किती चालतं, टँकर रोज किती येतात हे त्याला पाठ असतं. धरणाचं पाणी, म्हणजे पुण्याला खडकवासल्याचं, पिंपरी-चिंचवडला पवनेचं, मुंबईला भातसा-तानसा-वैतरणेचं, हे पावसाचं पाणी असतं, ते जमिनीत फारसं मुरत नाही, त्यामुळे सॉफ्ट असतं. बोअरचं पाणी मात्र आपल्या काळ्या बसाल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपत आलेलं असतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलून आणतं. टँकर बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोअर-विहिरीवरच भरलेला असतो, त्यामुळे "आमच्याकडे बोअर नाही, टँकर येतो" हे ऐकून खूश होऊ नका.

सगळं एकाच टाकीत मिसळत असेल तर पाणी महिन्यागणिक बदलतं. पावसाळ्यात बरं, मार्च उजाडला की वाईट. म्हणून मोजणी उन्हाळ्यातली धरा.

२. हार्डनेस मोजा, टीडीएस मीटरवर भागवू नका

हा पहिला सापळा. दोन-तीनशे रुपयांचा पेनासारखा टीडीएस मीटर सगळे आणतात, पाण्यात बुडवतात, ९०० आलं की घाबरतात. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. हार्डनेस म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, टीडीएस भरमसाट असतो पण त्यात मोठा वाटा सोडियमच्या मिठाचा असतो, तिथे उपाय वेगळा. दोन्ही आकडे हवेतच, पण मशीनसाठी हार्डनेसचा.

किटमध्ये करायचं एवढंच, ठरलेल्या मापाचं पाणी बाटलीत घ्यायचं, इंडिकेटर टाकायचा, पाणी लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकत जायचं, निळं झालं की थांबायचं. एका थेंबाला किती ते किटवर लिहिलेलं असतं. काही किट जर्मन डिग्रीत आकडा देतात, त्याला १७.८ ने गुणा म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम ते कळेल.

किट नको असेल तर साबणाची चाचणी करा. दोन पारदर्शक बाटल्या, एकात आरओचं पाणी, एकात नळाचं, दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून झाकण लावून हलवा. आरओच्या बाटलीत फेस, नळाच्या बाटलीत दुधासारखं गढूळ आणि वर साय आली तर समजून जा. इथे शाम्पू किंवा लिक्विड डिटर्जंट वापरू नका, ते हार्ड पाण्यातही फेस देतात, मग काहीच कळत नाही. आकडा कागदावर हवा असेल, विशेषतः सोसायटीशी भांडायचं असेल तर, एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून करून घ्या, नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा.

३. आलेल्या आकड्याचं काय करायचं

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ चं) पिण्याच्या पाण्यात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हणतं, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत. पण हे माणसाच्या पिण्यासाठी आहे, गिझरला ते कोणी वाचून दाखवलेलं नसतं.

माझा साधा हिशोब असा. २०० च्या आत असेल तर काही विकत घेऊ नका, सहा महिन्यांतून एकदा साफसफाई पुरे. २०० ते ४०० असेल तर खाली दिलेली साफसफाई वेळापत्रकाने करा, सॉफ्टनरची (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढणाऱ्या टाकीची, पायरी ९ बघा) घाई नको. ४०० च्या वर गेलं की सॉफ्टनरचा विचार सुरू करा, आणि ६०० च्या वर असेल तर विचार कसला करताय, सोसायटीची मीटिंग बोलवा.

४. गिझर

सगळ्यात जास्त मार यालाच बसतो, म्हणून इथे जरा थांबू.

गिझर खराब व्हायला लागल्याच्या खुणा: पाणी तापायला आधीपेक्षा वेळ लागतो, तापताना आतून कढल्यासारखा किंवा तडतडल्यासारखा आवाज येतो, बादलीत पांढऱ्या पापड्या येतात, गरम नळाची धार बारीक होते आणि थंडाची मात्र ठीक असते. कॉइलवर थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते.

पहिलं काम फुकटचं आहे. थर्मोस्टॅट कमी करा. बरेच लोक ७५ वर ठेवतात आणि मग त्यात बादलीभर थंड पाणी घालून आंघोळ करतात, कशाला? ५० ते ५५ वर ठेवा. साठच्या वर क्षार फार भराभर बसतो. आणि गिझर दिवसभर चालू ठेवू नका.

दुसरं काम वर्षातून एकदा, हार्डनेस ४०० च्या वर असेल तर सहा महिन्यांतून एकदा, मेकॅनिकला बोलवून टाकी उघडून घ्यायची. तो आला की त्याच्याकडून हे करून घ्या:

- एमसीबी (विजेचा खटका) बंद, इनलेट (पाणी आत येणारी लाइन) बंद, टाकी पूर्ण रिकामी
- खालची प्लेट उघडून आतला गाळ आणि कॉइलवरचा थर काढणं
- ॲनोड रॉड बघणं. हा मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकीऐवजी तो स्वतः गंजतो. झिजून तारेसारखा झाला असेल तर नवीन
- गॅस्केट नवीन (जुनंच परत लावलं की आठवड्यात ठिबकायला लागतं)
- सेफ्टी वॉल्व्ह उचलून बघणं, पाणी सुटलं पाहिजे

शेवटचा मुद्दा सोडू नका. क्षार बसून सेफ्टी वॉल्व्ह जाम झाला आणि त्यातच थर्मोस्टॅट बिघडला तर टाकीतलं प्रेशर बाहेर पडायला वाटच राहत नाही, हा पैशाचा नाही, जिवाचा विषय आहे. आणि त्या वॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

सापळा: "ॲसिड वॉश करून देतो" म्हणणारा. टॉयलेटचं ॲसिड टाकीत ओतलं की क्षार जातो खरा, पण कॉइलचं धातूचं आवरण आणि टाकीचे सांधेही त्याच्या तावडीत सापडतात. कॉइल बाहेर काढून लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली तरी थर सुटतो, वेळ लागतो एवढंच. जुना ॲनोड रॉड बदलला म्हणाला तर तो हातात मागा, नवीन रॉडचे पैसे लावून जुनाच आत राहिल्याचे किस्से प्रत्येक इमारतीत आहेत.

वॉरंटी कार्ड उघडून बारीक अक्षरं वाचा. टाकीवर पाच-सात वर्षं लिहिलेलं असतं, पण हार्ड पाण्याने झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असणं किंवा ॲनोड रॉड वेळेवर बदलल्याची अट असणं हे बऱ्याच कार्डांवर असतं. म्हणून सर्व्हिसची बिलं जपून ठेवा.

गॅस गिझर असेल तर त्यात तांब्याची बारीक नळी असते, ती आतून भरत जाते आणि धार कमी होते. सोलर असेल तर काचेच्या नळ्यांवालं हार्ड पाण्यात जास्त तग धरतं, तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलवालं लवकर चोंदतं. नवीन बसवणार असाल तर हे आधी विचारा.

५. वॉशिंग मशीन

कपडे कडक होणं, पांढऱ्याचा राखाडी होणं, काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे, ही मशीनची चूक नाही. पावडरचा बराचसा भाग कॅल्शियमशी लढण्यातच संपतो. लोक मग दुप्पट पावडर टाकतात, ती नीट निघत नाही, ड्रमच्या मागे चिकट लगदा साठतो आणि वास मारतो. त्यापेक्षा पावडर थोडीशीच वाढवा आणि सुती कपड्यांच्या धुण्यात एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाका, तो कॅल्शियमला बाजूला काढतो. लोकरी आणि रेशमी कपड्यांना सोडा अजिबात नको.

हीटर असलेल्या मशीनमध्ये रोजचे कपडे ३०-४० डिग्रीवर धुवा. महिन्या-दोन महिन्यांतून रिकाम्या ड्रममध्ये डीस्केलिंग पावडर टाकून सगळ्यात लांब गरम सायकल चालवा. व्हिनेगर दर आठवड्याला ओतायचे सल्ले फिरत असतात, रबराच्या भागांसाठी ते बरं नाही.

पाणी भरायला वेळ लागतोय आणि एरर येतोय? मेकॅनिकला फोन करण्याआधी नळ बंद करून मागचा पाइप काढा, आत छोटी जाळी असते, पकडीने अलगद ओढा, व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासा, परत लावा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. टँकरच्या पाण्यात बारीक वाळूही असते, ती इथेच अडकते.

इनलेटला लावायचा पांढऱ्या गोळ्यांचा फिल्टर मिळतो, तो हार्डनेस कमी करत नाही, गोळ्यांमधलं पॉलिफॉस्फेट क्षाराला चिकटू देत नाही, तेही कोमट पाण्यात बरं आणि खूप गरम पाण्यात कमी. गोळ्या संपल्या की नवीन भराव्या लागतात, हे विकणारा सांगत नाही.

६. डिशवॉशर

गंमत म्हणजे हार्ड पाण्याचा बंदोबस्त घेऊनच येणारं घरातलं हे एकच यंत्र. आत छोटा सॉफ्टनर असतो, फक्त त्याला मीठ लागतं आणि त्याला तुमचा आकडा सांगावा लागतो. बसवायला आलेला माणूस घाईत मधलंच कुठलंतरी सेटिंग ठेवून जातो. मॅन्युअल काढा, हार्डनेसचा तक्ता बघा, दुसऱ्या पायरीत मोजलेला आकडा जुळवून सेट करा. काही मॉडेल ५० जर्मन डिग्रीपर्यंत, म्हणजे साधारण ८९० मिलिग्रॅमपर्यंत झेपवतात, त्याच्या वर पाणी असेल तर घेण्याआधी दहादा विचार करा.

मीठ डिशवॉशरचंच. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते आत अडकतात. पहिल्यांदा भरताना त्या कप्प्यात आधी पाणी, मग मीठ. आणि मीठ भरलं की लगेच एक सायकल चालवा, सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर स्टीलवर गंजाचे ठिपके येतात. "टॅब्लेट ऑल-इन-वन आहे, मीठ नाही लागत" हे आपल्या बोअरच्या पाण्याला लागू होत नाही.

७. किटली, इस्त्री, शॉवर, कुलर

किटलीत लिटरभर पाण्याला दोन चमचे लिंबूफूल, पाणी गरम करा पण उकळत ठेवू नका, अर्धा तास सोडा, ओता, धुवा. स्टीम इस्त्रीत डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र डिस्टिल्डच, तिथे आरओचंही नको. शॉवरच्या तोंडाला व्हिनेगरची पिशवी रबरबँडने बांधा, अर्ध्या-पाऊण तासात काढा, क्रोमवर रात्रभर ठेवू नका. कुलरचं पाणी नुसतं वरून भरत राहू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका, नाहीतर मागे राहिलेला क्षार वाढत वाढत पॅडचा दगड होतो.

दोन इशारे. लिंबूफूल आणि व्हिनेगर शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवरावर पडू देऊ नका. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत, ॲसिड जसा क्षार खातं तसा तो ओटाही खातं, गेलेली चमक परत येत नाही. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तर फारच धोका.

८. आरओ

बोअरच्या पाण्यावर बहुतेक वेळा आरओ लागतो, पण हार्डनेस जास्त असेल तर मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) लवकर चोंदतं, म्हणून अँटीस्केलंटचं (क्षार चिकटू न देणारं) कार्ट्रिज आहे का ते बघा आणि वेळेवर बदला. बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त हार्ड असतं, फ्लशला, जिने धुवायला वापरा, मशीन आणि कुलरमध्ये चुकूनही नाही. पालिकेचंच सॉफ्ट पाणी येत असेल तर आरओ घेऊच नका, यूव्ही (प्रकाशाने जंतू मारणारा) फिल्टर पुरे.

९. सॉफ्टनर घ्यायचा का

घरी डेमो द्यायला येतात तेव्हा एक खेळ करतात. तुमच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून करंट सोडतात, पाणी तपकिरी-हिरवट घाण होतं, त्यांच्या पाण्यात काहीच होत नाही, घरातली म्हातारी माणसं हादरतात. ती घाण सळईच्या लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळई गंजते, आरओच्या पाण्यातून जवळपास वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. चहा पाजा आणि निरोप द्या.

पाइपला बाहेरून चिकटवायचे मॅग्नेट, "मीठ न लागणारे सॉफ्टनर" हे सगळे हार्डनेस काढत नाहीत. आधी आणि नंतर थेंबांच्या किटने मोजून दाखव म्हणा, विषय संपतो. तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो.

खरा सॉफ्टनर म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) भरलेली टाकी. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन परत ताजं करायचं, याला रीजनरेशन म्हणतात. आता हिशोब करा. सरकारी मापाने माणशी रोज १३५ लिटर धरलं तर चार माणसांना ५४० लिटर. हार्डनेस ६०० असेल तर रोज ३२४ ग्रॅम क्षार, महिन्याला पावणेदहा किलोच्या आसपास. २५ लिटर रेझिन साधारण एक ते सव्वा किलो धरतं, म्हणजे तीन-चार दिवसांनी रीजनरेशन, दर वेळी अडीच ते चार किलो मीठ. सेल्समन जो छोटा गोंडस डबा "अख्ख्या घराला" म्हणून दाखवतो त्याला विचारा, आत रेझिन किती लिटर? उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

भाड्याने राहत असाल तर अख्ख्या घराचा नको, फक्त बाथरूमच्या किंवा मशीनच्या लाइनवरचा छोटा घ्या, सोडताना काढून नेता येतो. फ्लशला सॉफ्ट पाणी द्यायची गरजच नाही, तेवढी लाइन वगळली तर मिठाची बचत होते.

सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस मीटर बघून "काही फरक नाही, फसवलं" म्हणून ओरडू नका. टीडीएस तेवढाच राहतो, क्षार फक्त बदलतात. आणि याच कारणाने ते पाणी पिऊ नका, ६०० च्या पाण्यात पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम वाढतं. घरात बीपीचं, किडनीचं माणूस असेल तर स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आधीच वेगळा ठेवा किंवा आरओमधून घ्या. कुंड्यांनाही ते पाणी नको.

१०. सोसायटीचा प्लांट असेल तर

बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत बिल्डरने सॉफ्टनर प्लांट दिलेला असतो आणि तो नुसता उभा असतो, मीठ महाग पडतं म्हणून ऑपरेटर रीजनरेशन टाळतो किंवा बायपास (प्लांट टाळून पाणी थेट पुढे नेणारा वॉल्व्ह) उघडून ठेवतो. किट घेऊन खाली जा, प्लांटच्या आधीच्या नळाचं आणि नंतरच्या नळाचं पाणी मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर फोटो काढून कमिटीला पाठवा आणि तीन गोष्टी मागा: रीजनरेशनची तारीखवार वही, महिन्याला किती गोण्या मीठ घेतलं त्याची बिलं, आणि रेझिन शेवटचं कधी बदललं ते. मिठाची बिलं आधी मागा, वही मागाहूनही भरता येते.